रात्रीचा पत्ता : बेघर निवारा, धुळे (प्रकल्प नोंदी, डिसेंबर 2023 ते जून 2024)

5 डिसेंबर 2023

यंदाच्या थंडीतली पहिली रात्रफेरी. दहाला निघालो, परत यायला दोन वाजले. एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, पाचकंदील, आग्रा रोडवरच्या दुकानांचे ओटे, मग पूल ओलांडून देवपुरात पांझरेकाठी एकवीरा देवीच्या मंदिराची बाजू.

दिवसा ही माणसं बेघर म्हणून ओळखू येत नाहीत. कोणी हमाली करतो, कोणी भंगार वेचते, कोणी लग्नाच्या पंगतीत भांडी घासतो. यातल्या कोणाला परतायला घर नाही, हे रात्री अकरानंतरच कळतं. 2011 च्या जनगणनेतही बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या एकाच रात्रीत केली होती. देशभरात पावणेअठरा लाखांच्या आसपास माणसं निघाली. आज टॉर्च घेऊन फिरताना तो आकडा सारखा मनात येत होता. पोतं पांघरून कुणी झोपलं की पोतंच दिसतं, आतला माणूस दिसत नाही. हातगाडीखाली झोपलेल्या एका पोराला तर आम्ही दोनदा ओलांडून गेलो. तिसऱ्यांदा तो खोकला, तेव्हा कळलं.

आठ जण सोबत यायला तयार झाले. बाकीच्यांना ब्लँकेट दिली आणि निवाऱ्याचा पत्ता तोंडी सांगितला. चिठ्ठी देत नाही, कारण बहुतेकांना वाचता येत नाही आणि चिठ्ठी हातात पडली की सरकारी कागद समजून घाबरतात.

6 डिसेंबर

स्टँडवरची आजी आली नाही. पारोळ्याकडची आहे, सत्तरी ओलांडलेली. फलाटाच्या टोकाच्या बाकाखाली झोपते आणि उशाला एक गाठोडं असतं. आमच्या काळजीवाहक ताई तिच्याशी अहिराणीत बोलल्या, म्हणून निदान उत्तर तरी मिळालं. "माले तठे येवानं नही. मन्हं गाठोडं कोन सांभाळी?"

आम्ही सांभाळू, असं ताईंनी सांगितलं. आजीनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

14 डिसेंबर

आमचा हॉल 1,400 चौरस फुटांचा. निकष माणशी 50 चौरस फुटांचा, म्हणजे 28 खाटा. काल रात्री 37 जण होते. नऊ जणांना सतरंजीवर झोपवलं. कोणाला परत पाठवायचं नाही, हे आमचं पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे. कागद नाही, दारू प्यायलाय, आजारी आहे, यातलं कोणतंच कारण चालत नाही. धुळ्याची थंडी कोरडी असते आणि हाडात शिरते. पारा एक अंकी होणं इथे नवीन नाही.

शहरात लाख लोकसंख्येमागे निदान 100 जणांचा, बारा महिने चोवीस तास उघडा राहील असा निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये राज्यांना सांगितलं. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात तोच निकष आला. धुळ्याची लोकसंख्या 2011 लाच पावणेचार लाख होती. हिशोब प्रत्येकानं आपापला करावा. मी आज नऊ सतरंज्या आणल्या.

19 डिसेंबर

आजी आली. ताई सलग तेरा रात्री जाऊन तिच्याजवळ बसल्या होत्या. रोज थोडा चहा, थोड्या गप्पा, आणि निवाऱ्याचा विषय अजिबात नाही. काल ती आपणहून उठली. गाठोडं काखेत, चपला हातात. आली तीच पहिल्यांदा संडास कुठे आहे ते बघून आली, मग दाराला आतून कडी आहे का ते पाहिलं, आणि भिंतीकडची खाट मागितली. बायकांनी पहिल्या रात्री काय तपासायचं असतं ते तिला बरोबर माहीत होतं. बायकांच्या बाजूचा बल्ब गेलेला होता. आजच्या आज बदलला.

28 डिसेंबर

पाचकंदीलच्या दादाशी बोलणं झालं. वय पन्नाशीच्या आसपास, केटररकडे भांडी घासतो. लग्नसराईत काम संपायलाच साडेबारा वाजतात. वरण-बट्टीचा बेत असला की हंड्यांना लागलेलं तूप राखेनं दोन-दोनदा काढावं लागतं, त्या दिवशी आणखी उशीर. आमचं फाटक दहाला बंद होतं, म्हणून तो एका कापडदुकानाच्या ओट्यावर झोपतो. गेली सहा वर्षं.

चूक आमची आहे. राबणाऱ्या माणसासाठी निवारा उघडायचा आणि तो कामावरून सुटायच्या आत फाटक लावायचं! बैठकीत बोलले. उद्यापासून उशिरा येणाऱ्यांची वेगळी यादी असेल आणि रात्रीच्या चौकीदाराकडे फाटकाची चावी.

दादा तरी येईनच म्हणाला नाही. त्याला खाटेपेक्षा खोली हवी आहे. महिन्याला पैसे देऊ शकतो. पण खोली दाखवणारा प्रत्येक जण आधार मागतो आणि याच्याकडे काहीच नाही. आधार काढायला गेला तर पत्त्याचा पुरावा मागतात. पत्ता हवा तर खोली हवी. सहा वर्षं हेच चाललंय.

11 जानेवारी 2024

दादाचा फॉर्म 6 भरला. मतदार नोंदणीत बेघर माणसासाठी निवडणूक आयोगानं एक सोय ठेवली आहे, ती फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्याच्याकडे पत्त्याचा कागद नाही, त्यानं जिथे झोपतो ती जागा लिहायची. बीएलओ, म्हणजे त्या भागाची मतदार यादी सांभाळणारे कर्मचारी, रात्री येऊन तो खरंच तिथे झोपतो का हे पाहतात, आणि एकापेक्षा जास्त रात्री पाहतात. कागदाऐवजी झोप हाच पुरावा. या देशातल्या नियमांमध्ये मला सगळ्यात जवळचा वाटणारा नियम हाच.

पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचं, असं दादानं विचारलं. मी लिहिलं: पाचकंदील, अमुक दुकानाचा ओटा. त्यानं ते दोन वेळा वाचून घेतलं.

13 जानेवारी

दुकानदार शेठ भेटायला आले. भला माणूस, सहा वर्षं याला झोपू देतोय. पण ओट्याचा पत्ता फॉर्मवर लिहिला म्हटल्यावर धास्तावले. उद्या जागेवर हक्क सांगितला तर? यादीत नाव आल्यानं जागेवर कसलाही हक्क लागत नाही, ही फक्त मतदाराची नोंद असते, हे शांतपणे समजावलं. चहा मागवला. निघताना म्हणाले, "तो आहे म्हणून माझं कुलूप शाबूत आहे, ताई." हे वाक्य दादाला सांगायला हवं.

20 जानेवारी

स्टेशनाजवळ एक तरुण सापडला, मानसिक आजारी, पायाला जखम. त्याची भाषा आम्हाला कळेना. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशा माणसाला आसरा देणं आणि चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात तपासणीला नेणं पोलिसांवर बंधनकारक आहे, शिवाय हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोधही घ्यायचा असतो. आम्ही कलम छापलेला कागद सोबत नेला. ठाण्यातल्या हवालदारांनी तो वाचला आणि स्वतः गाडी काढली.

जखम धुताना तो एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. वॉर्डातल्या एका पेशंटच्या नातेवाइकानं ओळखला, तेलंगणातल्या एका गावाचं नाव. पुढचं काम पोलिसांचं. घरचा फोन नऊ दिवसांनी आला.

24 आणि 27 जानेवारी

बीएलओ बाई आल्या. प्राथमिक शाळेत शिकवतात. दिवसभर वर्ग, संध्याकाळी यादीचं काम, आणि आता रात्री साडेबाराला पाचकंदील. सोबत त्यांचे यजमान स्कूटरवर. मी बाजूला उभी होते.

दादा त्या दिवशी कामावरून लवकर सुटला होता. ओटा झाडला, पोतं पसरलं, त्यावर गोधडी घातली, अंगरखा बदलला आणि झोपायचं सोडून बसूनच राहिला. बाई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही झोपा, मला तुम्ही झोपलेले पाहायचंय." तो लाजला. मग आडवा झाला आणि डोळे घट्ट मिटले. बाईंनी टॉर्च त्याच्या तोंडावर न धरता ओट्याच्या कडेवर धरली, भिंतीवरचा दुकानाचा नंबर लिहून घेतला आणि हळूच म्हणाल्या, "झालं."

तीन दिवसांनी न सांगता पुन्हा आल्या. तेव्हा तो खरोखरच गाढ झोपलेला होता, तोंड उघडं, एक हात ओट्याखाली लोंबकळत. उठवलं नाही.

4 फेब्रुवारी

आज माझ्या हातून वाईट झालं. हॉल धुवायचा म्हणून खाटांखालचं सगळं सामान पडवीत काढायला मीच सांगितलं. आजी अंघोळीला गेली होती. बाहेर येऊन बघते तर गाठोडं पडवीत, वरची गाठ सुटलेली, शेजारी ओला झाडू. ती काही बोलली नाही. गाठोडं उचललं, गाठ मारली आणि फाटकातून बाहेर पडली. ताई मागे धावल्या, ती थांबली नाही.

दीड महिना जपून मिळवलेला विश्वास मी एका बादली पाण्यात घालवला. त्या गाठोड्याला तिच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, हे मला न सांगताही कळायला हवं होतं.

5 ते 12 फेब्रुवारी

रोज शोध. स्टँडवर नाही. स्टेशनावर नाही. पारोळा, अमळनेर गाड्यांच्या कंडक्टरांना सांगून ठेवलं.

13 फेब्रुवारी

एकवीरा मंदिराच्या बाहेर सापडली. ताप होता. मी पायाला हात लावला आणि म्हटलं, आजी, चुकलं माझं. ती म्हणाली, "चुकनं ते चुकनं. पन मी तठे उघड्यावर काय ठेवू, माय?"

बरोबर होतं. आम्ही डोक्यावर छप्पर दिलं होतं, पण त्या छपराखाली कोणाचंच असं काही नव्हतं. ना कपाट, ना पेटी, ना कुलूप.

बाजारातून पत्र्याची निळी पेटी आणली. कुलूप आजीनं स्वतः निवडलं, दोन वेळा लावून ओढून पाहिलं. "चावी मन्हाजोडे ऱ्हाई," म्हणाली. दुसरी चावी कुठे आहे हेही विचारलं, मग तीही मागून घेतली. दोन्ही काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातल्या. आता प्रत्येक खाटेखाली पेटी द्यायचं ठरलंय. देणगीदाराला ब्लँकेटं द्यायची होती, त्यांना पेट्या मागितल्या. आधी नवल वाटलं त्यांना, मग दिल्या.

22 फेब्रुवारी

आजीनं आपणहून पेटी उघडली आणि आम्हाला बोलावलं. पितळेचा तांब्या, एक हिरवं लुगडं, धन्याचा फोटो, आणि मेणकापडाच्या पिशवीत घड्या पडून चिरलेल्या पावत्या. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्या. अकरा वर्षांच्या, एकही वर्ष न चुकता, शेवटची 2012 ची.

ताई आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. हेच गाठोडं मी पडवीत टाकायला लावलं होतं.

गावात तिचं धाब्याचं घर होतं. एका पावसाळ्यात मातीचं छत बसलं. पुढं धुळ्याला ती कशी आली हे तिनं तीन वेळा तीन तऱ्हांनी सांगितलंय आणि आम्ही चौथ्यांदा विचारत नाही. पण घर पडलं तरी जागा पडत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, तिच्या धन्याचं नाव असलं तर ती बेघर आहे, पण भूमिहीन नाही. घरकुलाच्या दृष्टीने या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

1 मार्च

आधार केंद्र. आजीचं आधार कधीतरी काढलेलं होतं, कार्ड हरवलं, नंबर माहीत नाही. बोटांचे ठसे उमटेनात. आयुष्यभर कापूस वेचून आणि भांडी घासून रेषाच पुसल्या गेल्यात. डोळ्याच्या बुबुळावरून सापडलं. पत्ता गावाचाच आहे.

इथे मला थांबून विचार करावा लागला. आमच्या हातात सोपा मार्ग होता. निवाऱ्याच्या प्रमुखाच्या प्रमाणपत्रावर आधारचा पत्ता बदलता येतो, मग श्रावणबाळ योजनेचे महिना 1,500 धुळ्यातच सुरू करता आले असते. पण घरकुल मिळायचं ते गावात. गावाचा पत्ता सोडला, तर उद्या तिथे तुम्ही इथल्या नाहीत असं ऐकावं लागेल. बैठकीत यावर दोन मतं पडली. सरांचं म्हणणं, पेन्शन आधी, पोट आधी. माझं म्हणणं, पोटाला आपण घालतोय, जागा आपण देऊ शकत नाही. शेवटी आजीला विचारलं. तिला विचारायला इतका वेळ का लागला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ती म्हणाली, "गाव नको सोडू, माय."

मतदार यादीत तिचं नाव शोधलं. आहे! गावाच्या यादीत, अनुक्रमांकासकट.

17 मार्च

सातपुड्यातली पावरा कुटुंबं निघाली. शिरपूरच्या वरच्या पाड्यांतली ही चार कुटुंबं इथल्या बांधकामांवर होती, थंडीभर आमच्याकडे. होळी आठवड्यावर आली, होळीआधीचा आदिवासींचा भोंगऱ्या बाजार भरणार, आता त्यांना कोणी अडवू शकत नाही आणि अडवूही नये. त्यांचं घर डोंगरात आहे, ती इथे कामापुरती बेघर होतात. त्यांना घरकुल नको, कामाच्या जागी चार महिने राहण्याजोगी खोली हवी. सगळ्यांना एकाच रकान्यात टाकलं की ही गरज दिसेनाशी होते.

कालपासून लोकसभेची आचारसंहिता लागली. नवीन मंजुऱ्या आता जूनपर्यंत नाहीत.

3 एप्रिल

दादाचं मतदार कार्ड आलं. बीएलओ बाईंनी रात्रीच आणून दिलं, ओट्यावर. कार्डाच्या मागच्या बाजूला पाचकंदील छापलंय. तो केटररकडे घेऊन गेला, सगळ्यांना दाखवून आला आणि आमच्याकडे जपून ठेवायला दिलं. आम्ही घेतलं नाही. पेटी दिली, कुलूप दिलं.

26 एप्रिल

ऊन चढलंय. दुपारी निवारा उघडा ठेवतोय, माठ भरलेले. थंडीत मरण रात्री येतं, वैशाखात दुपारी. पण निवारा म्हटला की सगळ्यांच्या मनात रात्रच असते. दोन कूलर मिळाले, एक चालू आहे.

10 मे

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. ताईंनी खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस आणला. मागच्या अंगणातल्या कडुनिंबाला दोर टाकून झोका बांधला. बायकांच्या बाजूच्या सगळ्या जणी, अगदी साठी-सत्तरीच्या, पाळीपाळीनं बसल्या. आजी बसली नाही, पण दुसरीला झोका देत होती. खान्देशातल्या बाईला आखाजी म्हणजे माहेर. आज कोणालाच माहेरहून बोलावणं नव्हतं. संध्याकाळी हॉलमध्ये नेहमीपेक्षा शांत होतं.

13 मे

आजीला घेऊन गावी गेलो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट. जळगाव मतदारसंघात आज मतदान. शाळेच्या वऱ्हांड्यात रांग, आजीनं हिरवं लुगडं नेसलेलं. खोलीतल्या कर्मचाऱ्यानं यादीतलं नाव मोठ्यानं वाचलं आणि रांगेतल्या दोन-तीन बायकांनी माना वळवल्या. एक तर ओरडलीच, "व माय! तू जित्ती शे?"

नंतर जागेवर गेलो. भिंतीचा एक कोपरा उभा आहे, मध्ये बाभळी वाढल्यात, उकिरडा. पुतण्या भेटला. ताठ होता, पण हाकललं नाही. आजीनं त्याच्याशी न बोलता उंबरठ्याची जागा पायानं चाचपली. दगड होता. त्यावर बसली आणि पाणी मागितलं. पुतण्याच्या बायकोनं आणून दिलं.

20 मे

धुळ्याचं मतदान. दादा सकाळी सातला केंद्रावर, कामावर जायच्या आधी. त्यानं शाईचं बोट शेठनाही दाखवलं.

1 जून

दादाला देवपुरात खोली मिळाली. केटररकडच्याच दुसऱ्या एका माणसासोबत, भाडं निम्मं-निम्मं. अनामत आम्ही दिली, तो महिना 500 फेडणार. भाडेकरारावर ओळख देणारा म्हणून माझी सही. खरं सांगायचं तर आमचं निम्मं काम एवढंच आहे, या माणसाला मी ओळखते असं कोणासमोर तरी उभं राहून म्हणायचं.

पहिल्या रात्री झोप आली नाही म्हणाला. पंखा होता, गादी होती. रस्त्याचा आवाज नव्हता.

11 जून

आचारसंहिता उठली. ग्रामपंचायतीत जाऊन नमुना 8 चा उतारा काढला. धन्याचं नाव कायम आहे. वारस नोंदीचा अर्ज दिला. पुतण्यानं हरकत घेतलेली नाही, अजून तरी. आजी इतर मागास प्रवर्गातली, म्हणजे मोदी आवास योजनेत बसू शकते. 1 लाख 20 हजार मिळतात आणि स्वतःची जागा लागते. जागा आहे. आता जातीचा दाखला.

श्रावणबाळचा अर्जही गावाच्याच पत्त्यावर दिला.

19 जून

जातीचा दाखला बाईला बापाकडून काढावा लागतो. आजीचा बाप शाळेत गेला नव्हता. थोरला भाऊ मात्र दोन इयत्ता शिकला, म्हणजे त्याच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये नाव आणि जात सापडण्याची शक्यता आहे. शाळा अमळनेर तालुक्यातल्या तिच्या माहेरच्या गावात. ती तिथे शेवटची कधी गेली होती हे तिला आठवत नाही. भाऊ आहे की नाही, तेही माहीत नाही.

तिला सांगितलं, उद्या माहेरी जायचंय. ती बराच वेळ चाव्यांच्या दोऱ्याशी खेळत राहिली. मग म्हणाली, "आखाजी ते गई. आते माहेर?"

ताईंनी तिचं हिरवं लुगडं धुऊन वाळत टाकलंय. बाहेर आभाळ भरून आलंय, रात्रीत सुकतं की नाही बघायचं. अमळनेरची गाडी सकाळी सातला.